घरच्या लॅबसाठी जुने स्विच घेताना

प्रश्न थोडक्यात असा आहे. घणसोलीत राहणारा, ऐरोलीच्या एका कंपनीत हेल्पडेस्कवर पहिलं वर्ष काढणारा एक मुलगा सीसीएनए या सिस्को कंपनीच्या नेटवर्किंगच्या परीक्षेची तयारी करतोय. खिशात ८,००० रुपये आहेत. एका रिफर्बिशवाल्याने त्याला ‘रेडीमेड सीसीएनए लॅब’ दाखवली: पाच सिस्को २९५० स्विच (एका नेटवर्कमधली यंत्रं जोडणारी खोकी), दोन २६०० राउटर (वेगवेगळी नेटवर्क जोडणारी) आणि एक छोटा रॅक, सगळं मिळून ९,०००. घासाघीस केली तर आठात बसेल म्हणतो. घ्यावी का, आणि नाही तर काय घ्यावं?

नको. (माझ्या मुलाच्या वयाचा आहेस, म्हणून एकेरीवर येतो.) आठाला दिली तरी नको आणि सहाला दिली तरी नको.

त्या ढिगात खोट काही नाही, तो जुना आहे एवढंच. २९५० वर व्हीलॅन (एकाच स्विचवर वेगवेगळी नेटवर्क पाडणं), ट्रंक (एका केबलवरून अनेक व्हीलॅन नेणं), स्पॅनिंग ट्री (केबलचं वर्तुळ झालं तर एक वाट आपोआप बंद ठेवणं) सगळं चालतं. मी स्वतः त्याच्यावरच शिकलो. पण तुझी परीक्षा २००-३०१ आहे. फेब्रुवारी २०२० मध्ये सुरू झालेल्या या परीक्षेत एसएसएच (स्विचमध्ये दुरून, सुरक्षित वाटेने शिरणं) आहे, डीएचसीपी स्नूपिंग आहे, डायनॅमिक एआरपी इन्स्पेक्शन आहे (ही दोन्ही नेटवर्कमध्ये खोटे पत्ते पसरवणाऱ्याला अडवतात). २९५० मध्ये एआरपी इन्स्पेक्शन नाहीच. त्यातून नग ‘स्टँडर्ड इमेज’वाले (इमेज म्हणजे आतल्या सॉफ्टवेअरची फाइल) निघाले तर एसएसएच पण नाही, टेलनेटच्या उघड्या वाटेवर भागवायचं. शिवाय त्यात ऑटो-एमडीआयएक्स (केबल साधी की उलट तारांची हे स्विचनेच ओळखून जुळवून घेणं) नाही, म्हणजे दोन २९५० एकमेकांना जोडायचे तर क्रॉसओव्हर केबल लागते. तू साधी केबल घालशील, लाइट लागणार नाही आणि अर्धी रात्र ‘पोर्ट मेलंय’ म्हणत बसशील.

राउटरवर तर एक रुपयाही घालू नकोस. त्या काळच्या छोट्या राउटरचं बरंचसं काम सॉफ्टवेअरमध्ये चालायचं, म्हणून राउटरची नक्कल लॅपटॉपवर चांगली होते. लिनक्सवर एफआरआर हे सॉफ्टवेअर टाकलंस तर ओएसपीएफ (राउटरनी एकमेकांना वाटा सांगायची पद्धत) फुकटात मिळतं, आणि ते खऱ्या सिस्को स्विचशी नेबरही होतं. स्विचचं तसं नाही. त्याचं फ्रेम (डेटाचे तुकडे) ढकलायचं काम एसिक नावाच्या खास चिपमध्ये होतं, आणि त्या चिपची हुबेहूब नक्कल लॅपटॉपवर होत नाही. पॅकेट ट्रेसर (नेटवर्कची नक्कल करणारा सिस्कोचा प्रोग्रॅम) परीक्षेपुरता पुरतो, हे मी आधीच कबूल करतो. निव्वळ पास व्हायचं असेल तर काही विकत घेऊ नकोस, ते ८,००० बँकेत राहू देत. पण सहा महिन्यांनी तुला सर्व्हर रूममध्ये पाठवणार आहेत आणि तिथे हात चालले पाहिजेत, म्हणून घ्यायचं असेल तर पुढचं वाच.

तीन स्विच पुरेत. दोन कमी पडतात आणि पाच घरात मावत नाहीत. तीन अशासाठी, की त्रिकोण करता येतो. पहिल्यापासून दुसऱ्याला, दुसऱ्यापासून तिसऱ्याला आणि तिसऱ्यापासून परत पहिल्याला केबल लाव. सगळ्या पोर्टचे लाइट आधी पिवळे लागतील. पंधरा सेकंद लिसनिंग, पंधरा सेकंद लर्निंग, मग एकेक करून हिरवे होतील. एकाच केबलचं एक टोक मात्र पिवळंच राहील. ते ब्लॉक झालेलं पोर्ट. तिसऱ्या स्विचला लॅपटॉप लाव, पहिल्याला सतत पिंग (‘आहेस का?’ अशी छोटी हाक) चालू ठेव आणि चालू वाटेची केबल उपट. अर्धा मिनिट पिंग मेलेलं राहील, तोवर ते पिवळं टोक हळूहळू हिरवं होईल. मग तिन्हीकडे रॅपिड-पीव्हीएसटी (स्पॅनिंग ट्रीचा वेगवान प्रकार) लाव आणि परत उपट. आता फार तर एखाददुसरं पिंग चुकेल. त्यानंतर ‘कन्व्हर्जन्स’ या शब्दाची व्याख्या तुला पाठ करावी लागणार नाही.

याच त्रिकोणात आणखी एक गंमत दिसते, ती पॅकेट ट्रेसरमध्ये सहसा कोणी बघत नाही. ‘शो स्पॅनिंग-ट्री’ मारून रूट (ज्याच्यापासून सगळ्या वाटा मोजल्या जातात तो स्विच) कोण झालाय ते बघ. प्रायॉरिटी सगळ्यांची ३२७६८, म्हणून बरोबरी. मग ज्याचा मॅक ॲड्रेस (कारखान्यातच मिळालेला पत्ता) सगळ्यात लहान तो रूट. आणि लहान मॅक बहुतेक वेळा सगळ्यात जुन्या नगाचा असतो. म्हणजे कोणी प्रायॉरिटी लावली नाही, तर घरातलं सगळ्यात म्हातारं, मंद खोकं कारभारी होऊन बसतं. आमच्याकडे एका नव्या ग्राहकाचं नेटवर्क का रखडतंय हे शोधताना नेमकं हेच सापडलं होतं. पँट्रीच्या छतात, चहाच्या मशीनच्या वर, कोणी तरी टाकून दिलेला जुना स्विच सगळ्या इमारतीचा रूट होता.

तर तीन कोणते? दोन २९६० आणि एक ३५६०. २९६० म्हणजे लेयर टू (मुख्यतः स्विचिंग), ३५६० म्हणजे लेयर थ्री (राउटिंगसुद्धा). ३५६० वर ‘आयपी राउटिंग’ मारलं की व्हीलॅनमधलं राउटिंग तोच करतो, वेगळा राउटर लागत नाही. शंभर एमबीपीएसची पोर्ट असलेला घे. लॅबमध्ये तुला सिनेमे कॉपी करायचे नाहीत. गिगाबिटचे जास्त पैसे तिथे वाया जातात. माझी स्वतःची मर्यादा सांगतो: शंभर एमबीपीएसच्या २९६० ला २,००० च्या वर नाही, ३५६० ला ३,००० च्या वर नाही. उरलेल्या हजारात कन्सोल केबल (लॅपटॉपवरून स्विचला थेट आज्ञा द्यायची) आणि पॅच कॉर्ड (तयार छोट्या नेटवर्क केबल).

आता मॉडेल नंबर. इथे बहुतेक जण फसतात. डबीवर ‘डब्ल्यूएस-सी२९६०-२४टीटी-एल’ असं काही तरी लिहिलेलं असतं. २४ म्हणजे पोर्ट. पहिला ‘टी’ म्हणजे साधी तांब्याची पोर्ट. तिथे ‘पी’ असेल तर पीओई, म्हणजे नेटवर्कच्या केबलमधूनच वीज. दुसरं अक्षर अपलिंकचं (पुढच्या स्विचकडे जाणाऱ्या पोर्टचं): टी म्हणजे तांबं, सी म्हणजे तांबं किंवा फायबर दोन्हीपैकी एक, एस म्हणजे एसएफपी (वेगळं मॉड्यूल बसवायची खाच). आणि सगळ्यात महत्त्वाचं ते शेवटचं अक्षर. २९६० मध्ये ‘एल’ म्हणजे लॅन बेस आणि ‘एस’ म्हणजे लॅन लाइट. लॅन लाइटमध्ये व्हीलॅनची संख्याही कमी आणि एआरपी इन्स्पेक्शनसारख्या गोष्टी छाटलेल्या असतात. आणि सॉफ्टवेअर बदलून त्याचा लॅन बेस होत नाही. पण ३५६० वर तोच ‘एस’ दिसला तर घाबरू नकोस. तिथे ‘एस’ म्हणजे आयपी बेस, ‘ई’ म्हणजे आयपी सर्व्हिसेस. एकच अक्षर, एका घरात नको असलेलं आणि दुसऱ्या घरात चालणारं. दुकानदाराला हे माहीत असतं की नाही हे मला आजवर कळलेलं नाही, पण भाव मात्र तो दोन्हीचा सारखाच सांगतो.

पूर्ण ओएसपीएफ हवं असेल तर ३५६० वर आयपी सर्व्हिसेस लागतं. आयओएसच्या (स्विचमधलं सिस्कोचं सॉफ्टवेअर, आयफोनचं नव्हे) १२.२(५५) पासून आयपी बेसमध्येही मर्यादित ओएसपीएफ आलंय, आणि सीसीएनएच्या एका एरियाला (ओएसपीएफमधल्या राउटरांचा एक गट) ते पुरून उरतं. त्याच आवृत्तीपासून लॅन बेसवाल्या २९६० मध्ये थोडे स्टॅटिक रूटही करता येतात. त्यासाठी एसडीएम टेम्प्लेट (आतल्या मेमरीची वाटणी) बदलून स्विच रीलोड करावा लागतो.

म्हणून पोर्ट किती, डबी किती चकचकीत हे मी शेवटी बघतो. आधी फ्लॅशमध्ये (आतल्या साठवणीत) काय आहे ते. स्विच जुना घेतलास तरी सिस्कोचं सॉफ्टवेअर लायसन्स त्याच्याबरोबर तुझ्या नावावर होत नाही, आणि नवी इमेज उतरवायला सपोर्टचा करार लागतो. जे आत आहे त्यावरच संसार करायचा, असं धरून चाल.

दुकानात जाताना सॅकमध्ये लॅपटॉप, कन्सोलची निळी चपटी केबल, यूएसबी-सीरियल कन्व्हर्टर, दोन छोट्या पॅच कॉर्ड ठेव. टॉर्च मोबाइलचा चालेल. कन्व्हर्टर चांगल्या चिपचा घे. स्वस्तातल्या काही कन्व्हर्टरमध्ये प्रॉलिफिक कंपनीच्या चिपची नक्कल असते, आणि विंडोजचा नवा ड्रायव्हर ती ओळखून चक्क काम करायला नकार देतो. एफटीडीआयची चिप किंवा साधी सीएच३४० बरी. आणि हे घरी तपासून जा. काउंटरवर ड्रायव्हर शोधत बसलास की भाव करायचा तोरा राहत नाही.

पहिलं काम टॉर्चचं. पोर्टच्या आत उजेड मारून आठ पितळी तारा बघ. आपल्याकडे खाडीची हवा. ऐरोली-वाशीच्या एखाद्या तळमजल्यावरच्या गोदामात दोन पावसाळे काढलेल्या मालाच्या पिनांवर हिरवट बुरशीसारखा थर दिसतो. असा नग मी हातात धरत नाही. एखादी पिन वाकून शेजारणीला टेकलेलीही दिसते; तसलं एखादं पोर्ट असेल तर मात्र भाव पाडायला ते कामी येतं.

मग पॉवर. पुटीमध्ये (कन्सोल दाखवणारा लॅपटॉपवरचा प्रोग्रॅम) वेग ९६००, आठ बिट, पॅरिटी नाही, एक स्टॉप बिट, फ्लो कंट्रोल बंद. २९६० उठायला दोन-तीन मिनिटं घेतो, तोवर दुकानदार ‘चालू आहे साहेब, लाइट लागली की’ म्हणेल. मान डोलाव आणि स्क्रीनकडे बघत राहा. सिस्टमचा लाइट शेवटी स्थिर हिरवा झाला पाहिजे. पिवळा राहिला तर पोस्टमध्ये (चालू होताना स्विच स्वतःची करतो त्या तपासणीत) काही तरी नापास झालंय. तो नग परत ठेव. आणि सगळं संपून नुसतं ‘स्विच:’ असा प्रॉम्प्ट आला, तर आत आयओएसच नाही. दुकानदार म्हणेल, टाकून घ्या, सोपं आहे. ९६०० च्या वेगाने कन्सोलमधून नऊ एमबीची फाइल चढवायला अडीच तासांहून जास्त लागतात. वेग वाढवता येतो म्हणा, पण फाइल आणणार कुठून?

पासवर्ड मागितला तर उलट बरं. पॉवर काढ, पुढचा मोड बटण दाबून ठेव, तसंच दाबलेलं असताना पॉवर लाव. ‘फ्लॅश_इनिट’ मार, कॉन्फिग.टेक्स्ट या फाइलचं नाव बदल आणि ‘बूट’ म्हण. दुकानदारासमोर हे एकदा केलंस की पुढच्या नगाचा भाव तो आपोआप खाली सांगतो, हा माझा अनुभव. कुलूपबंद म्हणून कोपऱ्यात टाकलेले स्विच तर मी मुद्दाम मागून घेतो.

आत शिरल्यावर ‘शो व्हर्जन’. त्यात मॉडेल आणि सीरियल नंबर येतो; मागच्या स्टिकरशी ताडून बघ. इमेजच्या नावात ‘के९’ आहे का बघ. ते नसेल तर एसएसएच नाही. नकली मालही असतो: एफ-सिक्युअर या सुरक्षा कंपनीने २०२० मध्ये दोन नकली २९६०-एक्स उघडून अहवाल काढला होता, सॉफ्टवेअर अपडेट केल्यावर ते बंद पडले म्हणून पकडले गेले. आपल्या भावातल्या जुन्या २९६० ची नक्कल करण्यात कोणाला फारसा रस असेल असं मला वाटत नाही, पण स्टिकर आणि स्क्रीन जुळत नसतील तर मी कारण विचारत बसत नाही, उठतो.

शेवटी पोर्ट. एक पॅच कॉर्ड एक-दोनमध्ये, मग तीन-चारमध्ये, असं करत चोवीसपर्यंत जा. २९६० ला साधी केबल चालते. दोन्ही लाइट पेटले की पुढे. कंटाळवाणं आहे, पाच-सात मिनिटं जातात, तरी कर. वीज पडून किंवा स्थिर विजेने मेलेली पोर्ट एकटी क्वचित असतात. शेजारची चार किंवा आठ एकदम मेलेली दिसतात, कारण त्यांच्यामागची चिप एकच असते. लॅबला तुला सहा पोर्ट पुरतात, त्यामुळे आठ मेलेला स्विच मी निम्म्या भावात आनंदाने घेतला आहे. तो गेली चार वर्षं चालतोय.

घरात काय होणार, तेही ऐकून ठेव. हे स्विच रॅकसाठी बनलेले, त्यांचे पंखे तळहाताएवढेसुद्धा नसतात आणि किरकिरे वाजतात. माझं ठाण्याचं घर तेव्हा वन बीएचके होतं. पहिला ३५६० मी हॉलमध्ये टीव्हीखाली ठेवला. पहिल्या रात्री बायको काही बोलली नाही. दुसऱ्या रात्री तिने विचारलं, “हे विमान उतरणार कधी?” तिसऱ्या दिवशी तो बाथरूमवरच्या माळ्यावर गेला आणि कन्सोलची केबल दाराच्या फटीतून बाहेर आली. तू एकाच खोलीत झोपणार आणि अभ्यास करणार असशील, तर चोवीस पोर्टांचा नाद सोड. २९६०-८टीसी आणि ३५६०-८पीसी हे आठ पोर्टवाले छोटे स्विच बिनपंख्याचे आहेत, आवाज शून्य. भाव जास्त असतो आणि मिळतातही कमी, पण मिळाला तर माझी वरची मर्यादा विसर आणि घे.

विजेचं गणित सोपं आहे. एक २९६० साधारण ३० वॉट खातो, ३५६० त्याहून जास्त. तिन्ही मिळून १०० वॉट धर. रोज तीन तास चालवलेस तर महिन्याला ९ युनिट. चोवीस तास चालू ठेवलेस तर ७२, आणि महावितरणच्या बिलात १०० युनिटच्या पुढे दर चढतो, तो वडिलांच्या लक्षात येईल. एक पॉवर स्ट्रिप घे आणि अभ्यास झाला की बंद कर. कॅटॅलिस्टला (म्हणजे सिस्कोच्या या स्विचना) सरळ बटण बंद केलं तरी चालतं, फक्त आधी कॉन्फिग सेव्ह कर.

ज्युनिपर कंपनीच्या स्विचला असं चालत नाही. ईएक्स२२०० कोणी स्वस्तात देत असेल तर तो उत्तम स्विच आहे, पण आत युनिक्ससारखी फाइल सिस्टम आहे आणि रीतसर हॉल्ट न करता वीज गेली तर ती बिघडू शकते. यूपीएस नसेल तर विचार करून घे. एचपी प्रोकर्व्हही मजबूत असतात. तिथे ‘ट्रंक’ म्हणजे अनेक केबल एकत्र बांधणं, सिस्कोचा ट्रंक नव्हे, एवढं लक्षात ठेव, नाही तर डोक्यात खिचडी होते. पहिल्या लॅबला मी दोन्ही सुचवणार नाही.

३५६० वर ट्रंक लावताना ‘कमांड रिजेक्टेड’ आलं तर स्विच खराब नाही. त्याला आयएसएल आणि डॉट१क्यू (फ्रेमवर व्हीलॅनची चिठ्ठी लावायच्या दोन पद्धती) दोन्ही येतं, म्हणून यातली कोणती, म्हणजे एन्कॅप्सुलेशन, ते आधी सांगावं लागतं. २९६० ला फक्त डॉट१क्यू येतं, तिथे ती कमांडच नाही. आणि एसएसएच लावल्यावर लॅपटॉप ‘की एक्स्चेंज जुळत नाही’ म्हणाला तर तोही दोष नाही. या जुन्या आयओएसची गणितं आजच्या ओपनएसएसएचने सुरक्षित नाहीत म्हणून बंद ठेवलीत, ती त्या एका जोडणीपुरती हाताने चालू करावी लागतात. अर्थात असला स्विच घरच्या इंटरनेटच्या वाटेत लावायचा नाही.

घरी आणल्यावर पहिल्या संध्याकाळी ‘राइट इरेज’ तर करच, पण त्याने व्हीलॅन पुसले जात नाहीत, ते व्हीलॅन.डॅट नावाच्या वेगळ्या फाइलमध्ये असतात. तीही फ्लॅशमधून डिलीट कर आणि मग रीलोड. आधीच्या मालकाचं कॉन्फिग आत सापडलं तर वाचत बसू नकोस. मला एकदा अख्ख्या कार्यालयाचे पत्ते आणि टाइप सेव्हनचे पासवर्ड मिळाले होते. ते क्षणात उलगडतात. मी पुसून टाकले.

व्हीलॅन.डॅटवर इतका जोर का, तर आमच्या एका पोराने ऑफिसचा जुना स्विच महिनाभर शिकायला वापरला. व्हीलॅन बनवले, पुसले, परत बनवले. प्रत्येक वेळी व्हीटीपीचा (व्हीलॅनची यादी एका स्विचकडून दुसऱ्याकडे पोचवणारी सोय) रिव्हिजन नंबर एकने वाढत गेला, आणि तो नंबरही व्हीलॅन.डॅटमध्येच राहतो. मग कमी पडलं म्हणून तोच स्विच परत मजल्यावर लावला. डोमेन तेच, पासवर्ड तोच, नंबर सगळ्यात मोठा. इतर स्विचनी त्याचीच व्हीलॅनची यादी खरी मानली आणि एका मिनिटात सगळ्या मजल्याचे पोर्ट पिवळे झाले. पोरगा केबल हातात धरून तसाच उभा होता. तुझ्या घरच्या स्विचवर व्हीटीपी ट्रान्सपरंट मोड (आपली यादी इतरांवर न लादणारा) लाव आणि तो ऑफिसात कधी नेऊ नकोस.

राहिलं कुठून घ्यायचं ते. महापे-रबाळे पट्ट्यात विचारून बघ, कंपन्यांचा निघालेला माल आधी तिथेच उतरतो. नाही तर ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोड. शनिवारी दुपारी जा, रविवारी बहुतेक दुकानं बंद असतात. सीरियल नंबर लिहिलेलं बिल माग, न देणाऱ्याकडून घेऊ नकोस, चोरीचा माल असू शकतो. पॉवर कॉर्ड आपल्या तीन पिनांची आहे ना ते बघ. रॅक नको, माळ्यावर दोन लाकडी पट्ट्या पुरतात. आणि हा स्विच साडेचव्वेचाळीस सेंटिमीटर रुंद असतो, लॅपटॉपच्या सॅकमध्ये मावत नाही. तीन नग म्हणजे बारा किलोच्या आसपास. संध्याकाळी सहाच्या गर्दीत दादर-ठाणे-घणसोली असं ते ओढत आणायचं नसेल, तर सोबत एक मित्र आणि दोन मोठ्या कापडी पिशव्या घेऊन जा.